खामच्या गाळातली चारशे वर्षं

चपला काठावर काढून ठेवा आणि पात्रात उतरा. पोटऱ्यांपर्यंत रुतलात तरी हरकत नाही. खाम नदीतून मागे जायचं तर पाण्याचा उपयोग नाही, ते थांबत नाही. गाळ थोडाफार थांबतो, म्हणून तुमचं वाहन गाळ. या प्रवासात एक सवलत आहे. वाटेल तेव्हा तुम्हाला लहान होता येईल, अगदी जिवाणूएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं. नाकाला मात्र कसलीही सवलत नाही.

पहिला मुक्काम १६१७ च्या सुमाराचा, वैशाखातला. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीला जेमतेम सात वर्षं झाली आहेत. डोक्यावर ऊन, पायाखाली काळा बेसाल्ट. नदी कुठे आहे म्हणून तुम्ही इकडेतिकडे बघता. पात्र आहे, नदी नाही. जटवाड्याच्या डोंगरातून निघालेली खाम पावसाळ्यात धावते, हिवाळ्यात रेंगाळते आणि होळी उलटली की चार-दोन डोहांत तुटून पडते. दोन बायका वाळूत झिरा खणून वाटीने पाणी भरताहेत. त्यातली एक तुमच्याकडे बघून म्हणते, "हितं नगा उभं राहू भाऊ, पानी गढूळ हुतंय." तुम्ही बाजूला सरता. पलीकडे मलिक अंबरची नहर डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून, उताराच्या जोरावर शहराकडे आणते आहे. सगळ्यांची नजर त्या नहरीवर आहे, नदीच्या भेगाळलेल्या गाळाकडे कोण बघणार?

तुम्ही बघा. लहान व्हा आणि त्या भेगेत उतरा.

वरचं कवच पापडासारखं वाळलं आहे, पण मेलेलं नाही. काही जिवाणू बीजाणू होऊन पडलेत, काहींनी स्वतःभोवती चिकट आवरण विणून त्यात थोडी ओल धरून ठेवली आहे. श्वास जवळजवळ बंद. दोन वीत खाली गेलात की ओल लागते, तिथे अगदी सावकाश कारभार चालू आहे. आता घड्याळ महिनाभर पुढे सरकवा. मृगाचा पहिला शिंतोडा पडतो आणि तुम्हाला तो ओळखीचा वास येतो. माती ओली झाल्याचा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो वास मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिससारख्या जिवाणूंनी तयार करून ठेवलेल्या जिओस्मिनचा असतो. त्या कवचात काही तासांत एकच धांदल उडते. कोरड्या काळात साठवलेलं, मेलेल्या सोबत्यांनी मागे ठेवलेलं, सगळं खायला काढलं जातं आणि गाळाचा श्वास एकदम कितीतरी पटींनी वाढतो. मग आठ-पंधरा दिवसांत पूर येतो आणि ही सारी वसाहतच पुढे वाहून जाते. पूर ओसरला की डोंगरावरची नवी माती, पालापाचोळा, शेणामुताचे चार कण, एवढ्यावर नवा संसार. नायट्रोजनची कायम चणचण. एकेक कण मिळवायला झुंबड.

झोप, धांदल, पूर, उपास. खामच्या गाळाचं वर्ष असं होतं आणि हजारो वर्षं ते असंच चालत आलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अठराव्या शतकाच्या मध्यावर या. शहराचं नाव औरंगाबाद आहे. महमूद दरवाजापाशी, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात पाणचक्की फिरते आहे. काही कोसांवरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढतं, तिथून खाली कोसळतं, लोखंडी पाती गरगरतात आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ पडतं. काम करून दमलेलं पाणी हौदात जातं आणि हौदातून उरलेलं नदीत. तुम्ही मागच्या अंगाला, जिथे ते पडतं तिथे उतरा. ऐन उन्हाळ्यात चार हात जागा ओली आहे, दगडांवर हिरवं शेवाळ आहे. माणसाने वापरून परत केलेल्या पाण्यावर जगणारा खामच्या पात्रातला हा इवलासा तुकडा. पाणी स्वच्छ आहे, फक्त अवेळी आलेलं आहे.

मग त्या वेळच्या शहराची घाण कुठे जायची? जुन्या शहरांतून ती माणसांच्या डोक्यावरून जायची. ज्यांच्या जातीवर ते काम लादलं होतं ती माणसं टोपल्यांतून मैला गावाबाहेर नेत आणि तो शेवटी शेतात मुरे. नदी स्वच्छ राहण्याची ती किंमत होती, आणि जुन्या काळी नद्या कशा निर्मळ होत्या असं कुणी गहिवरून सांगू लागलं की मला आधी त्या टोपल्या आठवतात. नायट्रोजन तेव्हाही होता, त्याचा रस्ता वेगळा होता.

याच शतकात, १७७६ च्या नोव्हेंबरात, इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी आलेस्सांद्रो व्होल्टा काठीने गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत पकडत होता. तो वायू पेटतो हे त्याने दाखवलं. आपण त्याला मिथेन म्हणतो. औरंगाबादेत तेव्हा व्होल्टा असता तर त्याला खाममध्ये फारसे बुडबुडे सापडले नसते. ते यायला अजून दोनशे वर्षं होती.

वाटेत एक वळसा घेऊ. १९१४, मँचेस्टर. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट बाटल्यांत शहराचं सांडपाणी भरून त्यात हवा फुंकताहेत. उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलाय. पहिल्या खेपेला पाणी पूर्ण शुद्ध व्हायला पाचेक आठवडे लागले. तोवरची रीत होती ती वरचं पाणी ओतायचं आणि तळाचा गाळही टाकायचा. यांनी गाळ ठेवला आणि त्याच्यावर नवं सांडपाणी ओतलं. वेळ घटली. पुन्हा तेच केलं, आणखी घटली. होता होता आठवड्यांचं काम तासांवर आलं. कारण शुद्धीकरण करणारे जीव त्या गाळातच होते आणि दर खेपेला आपण त्यांनाच फेकून देत होतो. जगभरच्या सांडपाणी प्रकल्पांचं मूळ हेच आहे. नदीच्या तळाशी जे रेंगाळत चालतं ते काँक्रीटच्या हौदात कोंडून, हवेचा मारा करून, घाईने करून घ्यायचं. प्रकल्प म्हणजे नदीच्या गाळाचीच नोकरीला लावलेली भावंडं. आणि पुढे तीच भावंडं नदीत उतरतात तेव्हा काय होतं, हा आपल्या प्रवासाचा खरा विषय.

परत चला. १९७६. पैठणला जायकवाडीचं धरण पुरं झालं आहे, नाथसागर पसरला आहे आणि औरंगाबादची तहान आता गोदावरी भागवणार आहे. पैठणकडून फारोळ्यामार्गे पाणी चढावर उपसून शहरात आणायचं. पुढे सातशे आणि चौदाशे मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिन्या हे दोन आकडे शहरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतात, कारण त्यांतली एखादी फुटली की नळ कोरडा. आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात ड्रम भरायचा दिवस सणासारखा लक्षात ठेवतात. पण एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नळाला पाणी आठवड्याने येत असलं तरी गटाराला रोज जातं. घराघरांतून, कुठे ना कुठे, बारा महिने. म्हणजे गोदावरीचं पाणी शहराच्या पोटातून फिरून खामच्या पात्रात पडू लागलं. वैशाखात कोरडी पडणारी नदी बारमाही झाली, आणि कशाने झाली ते सांगायला नको.

२००० च्या आसपास बारापुल्ला दरवाजापाशी किंवा छावणीतल्या लोखंडी पुलाखाली थांबा. रुमाल नाकाला लावू नका, वास हाच इथला पुरावा आहे. आता लहान व्हा आणि तळाशी जा.

गाळातल्या जिवाणूंना अन्न जाळायला काहीतरी श्वासात घ्यावं लागतं. पंगतीत आधी श्रीखंड संपतं, मग पुऱ्या, मग मसालेभात, शेवटी उरलेल्यांच्या पानात नुसतं ताक येतं, तसा इथे क्रम ठरलेला आहे. आधी प्राणवायू. तो संपला की नायट्रेट. मग मँगनीज, मग लोखंडाचा गंज, मग सल्फेट. काहीच उरलं नाही की मिथेन करणारे बसतात. दर पायरीला मिळणारी ऊर्जा कमी कमी होत जाते. कच्चं सांडपाणी अन्न इतकं आणतं की प्राणवायू वरच्यावरच फस्त होतो, आणि नायट्रेट त्यात जवळजवळ नसतंच, नायट्रोजन सगळा अमोनियाच्या रूपात. म्हणजे पंगत सुरू होते तीच जवळपास मसालेभाताशी. बेसाल्टच्या या मुलखात गाळात लोखंड भरपूर. ते श्वासात घेणारे जिवाणू गंज विरघळवतात. खाली सल्फेट श्वासात घेणारे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. लोखंड आणि सल्फाइड भेटले की काळा कुळकुळीत लोह सल्फाइड. तुमच्या पायाला लागलेला तो काळा लेप हाच.

तुम्ही म्हणाल, मराठवाड्याची मातीच काळी. खरं आहे, पण हे दोन काळे वेगळे. परीक्षा सोपी आहे: गाळाचा गोळा काढून काठावर उन्हात ठेवा. काळ्या जमिनीचा असेल तर काळाच राहील. सल्फाइडचा असेल तर हवा लागून काही वेळात वरून तपकिरी पडू लागेल. आणि काठी खुपसलीत तर बुडबुडे येतील. व्होल्टाला आता इथे बोलवायला हरकत नाही.

आता अलीकडे या. शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे. महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून सुरू केलेल्या खाम पुनरुज्जीवन मोहिमेने पात्रातला कचरा उपसला, नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लावल्या, काठ मोकळे केले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या रॉस सेंटर पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत ती पोहोचली. ज्यांनी जुनी खाम पाहिली, हुंगली, त्यांना हा फरक किती मोठा ते समजावून सांगावं लागत नाही. शहराखाली भूमिगत गटारं झाली आणि कांचनवाडीला १६१ एमएलडीचा मलजल शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला. झाल्ट्याचा ३५ एमएलडीचा प्रकल्प सुखना नदीच्या बाजूला आहे, पडेगावचा त्याहून लहान. आपण कांचनवाडीला थांबू.

एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. १६१ एमएलडी पूर्ण क्षमतेने चालले तर सेकंदाला सुमारे १,८६० लिटर. मे महिन्यात वरून येणाऱ्या खामचं स्वतःचं पाणी किती? जवळजवळ नाही. म्हणजे उन्हाळ्यात इथून खाली वाहणारी नदी ही प्रकल्पातून निघालेलं पाणीच आहे. परदेशातली पुस्तकं प्रक्रिया केलेलं पाणी नदीत 'मिसळतं' असं गृहीत धरतात. इथे मिसळायला समोर कुणी नाही.

तिथला एखादा ऑपरेटर काचेच्या ग्लासात पाणी धरून दाखवतो. "बघा सर, अगदी क्लिअर." खरंच क्लिअर आहे. तुम्ही ग्लास खाली ठेवा आणि पाणी बाहेर पडतं तिथून थोडं खाली जाऊन तळाशी उतरा. इथे आपण पूर्ण एक दिवस काढणार आहोत.

पहाट. तुम्ही गाळाच्या पृष्ठभागावर, एका चिकट पातळ थरात उभे आहात. वरचं पाणी कोमट आहे. हिवाळ्यात तर ते हवेपेक्षा चांगलंच उबदार असतं, शहराच्या आंघोळींची ऊब त्यात असते. रात्रभर शेवाळानेही श्वास घेतल्यामुळे प्राणवायू नीचांकावर आहे. वरून पहिली गोष्ट येते ती अमोनियाचा उरलेला अंश. तुमच्या शेजारचे नायट्रोसोमोनास तो पकडून नायट्राइट करतात, त्यांच्या शेजारचे नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट. यांतले बरेच इथले नाहीत. प्रकल्पाच्या हौदात वाढलेले, पाण्याबरोबर सुटून आलेले पाहुणे आहेत. प्रक्रिया केलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याच्या एका लिटरमध्येही अब्जावधी जिवाणू असतात. दिसत नाहीत म्हणून आपण ते पाणी रिकामं समजतो.

आता अर्धा मिलिमीटर खाली सरका. प्राणवायू संपला. पण पंगत मोडत नाही, कारण या पाण्याने दुसरं पक्वान्न भरपूर आणलं आहे, ते म्हणजे नायट्रेट. चांगल्या चाललेल्या प्रकल्पाने अमोनियाचं नायट्रेट करून सोडलेलं असतं. इथले जिवाणू ते श्वासात घेतात आणि नायट्रोजन वायू करून हवेत परत पाठवतात. वरच्या मजल्यावर तयार होणारं नायट्रेट खालच्या मजल्यावर खर्च होतं आणि मध्ये अंतर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. लोखंड आणि सल्फेट वापरणारे आणखी खाली ढकलले गेले आहेत. म्हणून सडक्या अंड्याचा तो वास नाही, म्हणून वरचा गाळ काळ्याऐवजी तपकिरी. प्रक्रिया केलेल्या पाण्याने गाळात केलेला सर्वांत मोठा बदल हाच: गाळ काय श्वासात घेतो ते बदललं. शहराने न मागता, पैसे न देता, गाळ नायट्रोजन काढायचं काम करतो आहे. प्रकल्पाच्या नकाशावर नसलेला हा शेवटचा हौद.

आता या जागी वेळ कशी चालते ते बघा. गाळात पाणी जवळजवळ हलत नाही, प्राणवायूला रेणू-रेणूने झिरपत खाली यावं लागतं. स्थिर पाण्यात एक मिलिमीटर जायला त्याला सुमारे चार मिनिटं लागतात. एक सेंटिमीटर जायला सात तास. दहा सेंटिमीटर जायला महिना. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. गाळात तर आणखीच सावकाश. तुम्ही चार बोटं खाली उतरलात की वरची सकाळ तिथे पोहोचतच नाही. मधेच एक लाल अळी तुमच्या अंगावरून जाते. कायरोनोमस माशीची ही अळी, रक्तात हिमोग्लोबिन असलेली. ती आपल्या बिळातून शरीर हलवत पाणी खेचते आणि महिन्याचं अंतर काही सेकंदांत कापून देते. अशा अळ्या आहेत की नाहीत यावर गाळाचा सगळा हिशेब पालटतो.

दुपार. ऊन तळापर्यंत येतं आणि भरपूर नायट्रोजन-फॉस्फरसवर माजलेलं शेवाळ प्राणवायू इतका करतं की बुडबुडे सुटतात. प्राणवायूची सीमा काही मिलिमीटर खाली सरकते, नायट्रेट श्वासात घेणारे आणखी तळात जातात. संध्याकाळी ती सीमा पुन्हा वर. त्या येण्याजाण्यात, काम अर्धवट सुटलं की नायट्रोजनऐवजी नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट. तेव्हा गाळाच्या फुकट चाकरीचं बिल असं दुसरीकडे निघतं.

पाण्यात शेवटी क्लोरीन घालत असतील तर निर्गमाजवळचा, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिथला, पट्टा अर्धमेला असतो, शिल्लक क्लोरीन विरेपर्यंत. शहराने गिळलेल्या गोळ्यांचे, साबणांचे, फिनाइलचे अंशही येतात. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं येतात. २०११ मध्ये दिल्लीच्या सांडपाण्याच्या डबक्यांत आणि काही नळांच्या पाण्यात एनडीएम-१ हे जनुक सापडल्याचा अभ्यास गाजला होता. शुद्धीकरण प्रकल्पात असंख्य जिवाणू दाटीवाटीने राहतात, एकमेकांना जनुकं देतात-घेतात. त्यातलं काही पाण्याबरोबर सुटतं आणि गाळात मुक्काम करतं. पाणी तासांत निघून जातं, गाळातला भाडेकरू टिकतो.

एवढं खाणंपिणं, ऊब, बारा महिने ओल. तर गाळातलं जीवन बहरत असणार असं तुम्हाला वाटेल. मलाही ते स्वाभाविक वाटायचं. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्या भागातल्या दोन नद्यांचा, एक शहरी आणि एक उपनगरी, अभ्यास प्रसिद्ध केला. निर्गमाच्या वरचा गाळ आणि खालचा गाळ. पोषक द्रव्यं खाली वाढलेली होती, तरी तळातल्या जिवाणूंची संख्या आणि विविधता घटलेली होती. शिवाय दोन वेगळ्या नद्यांचे गाळ एकमेकांसारखे होत चालले होते. दुसऱ्या काही नद्यांत श्वसन आणि विकरांची हालचाल वाढलेलीही आढळते. किती पाण्यात किती सांडपाणी, प्रक्रिया कितपत, तळ वाळूचा की चिखलाचा, यावर ते ठरतं. पण एकसारखं होत जाण्याची गोष्ट मनातून जात नाही. बेसाल्टचा, काळ्या मातीचा, वर्षातले कित्येक महिने उपास करणारा खामचा गाळ आणि मिशिगन सरोवराकाठचा गाळ यांच्यात साम्य असायचं काहीच कारण नव्हतं.

नियमांत हे कुठे बसतं? २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत अशा प्रकल्पातून निघणाऱ्या पाण्याच्या बीओडी (म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू), तरंगते कण, सामू, विष्ठेतले जिवाणू यांना मर्यादा आहेत, नायट्रोजन-फॉस्फरसला नाहीत. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यांच्याही मर्यादा सांगितल्या. या सगळ्या मर्यादा पाण्याच्या. नमुना ग्लासातून घेतला जातो, पायाखालून नाही.

समजा एखाद्या रात्री वीज गेली, हवा फुंकणारे ब्लोअर थांबले आणि अर्धकच्चं पाणी नदीत आलं. ग्लासातला नमुना दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लिअर असेल. गाळात मात्र नायट्रेट संपलेलं असतं. लोखंड श्वासात घेणारे वर सरकतात, गंज विरघळतो आणि त्या गंजाला महिनोन्‌महिने चिकटून बसलेला फॉस्फरस सुटा होऊन वर येतो. पुढे कुठेतरी जलपर्णी फोफावते आणि आपण तिला नावं ठेवतो. म्हणून माझं मत विचाराल तर कांचनवाडीसारख्या प्रकल्पाने पाणी किती चांगलं सोडलं यापेक्षा ते किती सातत्याने सोडलं याला गाळाच्या लेखी जास्त किंमत आहे.

आता नदीबरोबर खाली वाहत चला. काठावर मोटारी घरघरताहेत. शेतकऱ्याला हे पाणी हवंच आहे, त्यात खत आयतं आहे. मग पावसाळा लावा. खामला पूर येतो आणि वर्षभर जमलेला गाळ, पाहुण्या जिवाणूंसकट, उचलून नेतो. म्हणून खामच्या पात्रात खणून इतिहास वाचता येत नाही, पानं फाटलेली आहेत. ती फाटलेली पानं नाथसागरात साचतात.

नाथसागराच्या फुगवट्याच्या टोकाला, मे महिन्यात उभे राहा. धरणाचं पाणी मागे हटलं आहे आणि गाळाचा उघडा पट्टा क्षितिजापर्यंत गेला आहे. कुठे गाळपेर करून पीक काढून झालं आहे, कुठे नुसत्या भेगा. भेगा बघून तुम्हाला पहिला मुक्काम आठवेल. शहरापाशी नदीने उपास सोडला, इथे धरणाच्या काठावर तो अजून चालू आहे. पण या गाळाला आता नायट्रोजनची चणचण नाही. पहिला पाऊस पडला की इथेही धांदल उडते, आणि ती कित्येक पट मोठ्या शिदोरीवर. चारशे वर्षांपूर्वीच्या गाळाचं वेळापत्रक आणि आजच्या शहराचं अन्न, दोन्ही एकत्र. हा गाळ कसा वागतो हे तपासायला मराठवाड्यातल्या एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला विमानाने कुठे जावं लागणार नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत राज्यभर तलावांचा गाळ ट्रॉल्या भरभरून शेतात गेला. डोंगराखालच्या तलावाचा गाळ आणि शहराखालच्या नदीने आणलेला गाळ यांची पावती वेगवेगळी असायला हवी, एवढं तरी मागायला हवं.

परतीचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. याच जलाशयातून पाणी उपसलं जातं, फारोळ्याला शुद्ध होतं आणि चढावरून शहरात येतं.

घरी गेल्यावर स्वतःचं यंत्र करायचं असेल तर सर्गेई विनोग्राडस्कीने एकोणिसाव्या शतकात करून ठेवलं आहे. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत खाम शहरात शिरण्याआधीचा, हर्सूलच्या वरच्या अंगाचा गाळ, दुसरीत कांचनवाडीच्या खालचा. हातमोजे घाला, पोरांना हात लावू देऊ नका. दोन्हींत सारखंच घाला: कागदाचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक, चिमूटभर जिप्सम. वर त्या त्या जागचं पाणी. बाटल्या खिडकीत उजेडाला ठेवा. झाकण सैल हवं, नाहीतर वायू साठून ते उडेल. काही आठवड्यांत थर दिसू लागतील. वर हिरवा, खाली तांबूस-जांभळा, तळाशी काळा. बघायचं ते एवढंच, की काळा पट्टा कोणत्या बाटलीत आधी येतो आणि किती वर चढतो. नायट्रेट असेपर्यंत तो अडून राहायला हवा. दर रविवारी पट्टी लावून उंची लिहून ठेवा, आणि बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नका.